पुण्यातला स्वाइन फ्लू : मुलांना घरी ठेवायचं कधी, दवाखान्यात न्यायचं कधी?

शर्वरी_सिंहगडरोड
9 ऑगस्ट 2009, रात्री 10.42

नमस्कार. सोमवारी पुण्यात चौदा वर्षांची शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला हा पहिला मृत्यू. तेव्हापासून आमच्या सोसायटीत दुसरा विषय नाही आणि माझ्या डोळ्याला डोळा नाही. इथले आईबाप आणि कुणी डॉक्टर असतील तर त्यांनी मला एवढंच सांगा: घरी थांबायचं कधी आणि धावायचं कधी?

मला दोन मुलं आहेत. थोरला सात वर्षांचा, दुसरीत. त्याला बाळदमा आहे, पावसाळ्यात पंप लागतोच. धाकटी चौदा महिन्यांची, दिवसभर पाळणाघरात असते. थोरल्याचं कालपासून नाक वाहतंय, जरा खोकतोय, पण अंगात ताप नाही. एरवी श्रावणात असं झालं की मी हळद घालून दूध देते आणि लवकर झोपवते. या वेळी हात थरथरतोय.

काल नवरा त्याला घेऊन नायडू हॉस्पिटलला गेला होता. रांग पार गेटच्या बाहेर आलेली. कुणाच्या कडेवर तापाने फणफणलेलं लेकरू, त्याला खेटून नुसत्या शंकेने आणलेली धडधाकट मुलं. ते बघून तो रांगेत न लागता तसाच परत आला. आता शेजारच्या काकू म्हणतात, उशीर झाला तर हात चोळत बसाल. त्यांचंही चूक म्हणवत नाही.

टॅमिफ्लू, म्हणजे या फ्लूवरचं औषध, केमिस्टकडे मिळत नाही, फक्त सरकारी दवाखान्यात. एन-95 मास्क एका ठिकाणी मिळाला, तोही अव्वाच्या सव्वा भावाने, आणि थोरल्याच्या तोंडावर तो बसतच नाही. गालापाशी माझं बोट सहज आत जातं. सासूबाईंना एसेमेस आला म्हणून त्यांनी कापूर आणि वेलदोडे कुटून पुरचुंड्या केल्या, एक थोरल्याच्या शर्टाला सेफ्टी पिनने लावली, एक धाकटीच्या गळ्यात बांधली. शाळेने उद्यापासून सुट्टी कळवली आहे. नवरा म्हणतो दोघांना वाईला आजोबांकडे पाठवू. माझं मन होत नाही, पण नक्की का ते सांगताही येत नाही.

बापू_कोथरूड
9 ऑगस्ट, रात्री 11.30

शर्वरीताई, मी आमच्या दोघांना परवाच संगमनेरला बहिणीकडे सोडून आलो. शाळा बंद, बागेत सोडायची सोय नाही, घरात कोंडून काय करायचं? तिथे मोकळी हवा आहे, गर्दी नाही. शिवाजीनगर स्टँडवर निम्मे लोक तोंडाला रुमाल बांधून पोराबाळांसकट गावी निघालेले दिसले. माझं म्हणणं, साथ आहे तोवर पुण्यापासून लांब असलेलं बरं. पूर्वी प्लेगात लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचेच की.

मीनल_क्वीन्स
10 ऑगस्ट, सकाळी 7.15

शर्वरी, मी न्यूयॉर्कला असते. तुझी पोस्ट वाचली आणि एप्रिलअखेरचे आमचे दिवस आठवले. इथल्या सेंट फ्रान्सिस प्रेप हायस्कूलची काही मुलं सुट्टीत मेक्सिकोला जाऊन आली आणि बघता बघता त्या शाळेतली शेकडो मुलं आजारी पडली. आम्ही सगळ्या आया तेव्हा तुझ्यासारख्याच रात्र-रात्र जाग्या होतो. ती मुलं बहुतेक सगळी घरच्या घरी बरी झाली. सुरुवातीला इथे सल्ला होता की रुग्ण सापडला की शाळा दोन आठवड्यांपर्यंत बंद ठेवा. मेच्या पहिल्या आठवड्यात तो मागे घेतला, कारण आजार वाटला होता तेवढा भयंकर नाही आणि साथ आधीच सगळीकडे पोचली आहे असं दिसलं. त्यानंतर भर होता तो आजारी मुलाला घरी ठेवण्यावर.

माझ्या मुलीलाही मेमध्ये ताप आला. मी तिची खोली वेगळी केली, तिचा टॉवेल-पेला वेगळा केला आणि तिच्याजवळ घरातल्या एकाच माणसाने जायचं असं ठरवलं. ते माणूस मी होते. शिंक आली की तळहातावर न घेता कोपराच्या आत घ्यायची, हे मुलं दोन दिवसांत शिकतात. थोरल्याला आजच शिकव.

बालरोग_चिंचवड
10 ऑगस्ट, रात्री 11.55

मी चिंचवडला बालरोगतज्ज्ञ आहे. शेवटचा पेशंट आत्ता गेला, म्हणून उशिरा लिहितोय. जरा सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न मला दिवसभर प्रत्येक आई विचारते आहे.

शर्वरीताई, तुमचे मिस्टर रांगेत लागले नाहीत हे चांगलं केलं. हा विषाणू खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून तीन-चार हातांच्या अंतरात पसरतो. नुसतं नाक वाहणारं, खेळणारं, जेवणारं, ताप नसलेलं मूल तापाच्या मुलांत दोन-तीन तास उभं करायचं, म्हणजे नसलेला आजार घरी आणायची सोय करणं. अशा मुलाच्या घशातल्या द्रावाचा नमुना राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत पाठवून उपचारात काही बदल होत नाही. ती तपासणी ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी राहू द्या.

आता धावायचं कधी. यासाठी प्रत्येक आईबापाने श्वास मोजायला शिकावं असं मला फार मनापासून वाटतं. थर्मामीटरपेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे. मूल झोपलेलं किंवा शांत असताना त्याचा शर्ट वर करा आणि पोटाकडे बघा. पोट वर आलं, खाली गेलं, एक श्वास. सेकंदकाट्याचं घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त भरला तर तो वेगाचा समजायचा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला हीच रेघ 50 वर, आणि तुमच्या थोरल्याच्या वयाला 30 वर. तापात श्वास थोडा वाढतोच, म्हणून पॅरासिटामॉल देऊन ताप उतरला की पुन्हा मोजा. तरी वेगात असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. तसंच ओठ किंवा नखं निळसर दिसली, मूल झापडल्यासारखं पडून राहिलं, पाणीसुद्धा घेईना, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तरी निघा. आणि एक लक्षण लोकांच्या नजरेतून सुटतं: ताप उतरून मूल हिंडायला-फिरायला लागतं आणि दोन दिवसांनी पुन्हा ताप-खोकला उसळतो. तेव्हा फुप्फुसात न्यूमोनिया सुरू झालेला असू शकतो. तिथे वाट बघायची नाही.

तुमच्या घराला एक गोष्ट वेगळी लागू होते. थोरल्याला दमा आहे आणि धाकटी दोन वर्षांच्या आतली आहे. दोघंही जोखमीच्या गटात येतात. इतर मुलांना मी ताप आल्यावर एक-दोन दिवस घरी बघा म्हणतो, यांच्या बाबतीत नाही म्हणणार. यांना ताप आला की त्याच दिवशी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांची चिठ्ठी घ्या आणि सरकारी केंद्रावर जा. टॅमिफ्लूचा खरा फायदा पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर. थोरल्याचा रोजचा पंप बंद करू नका. पुष्कळ आया 'सर्दीत पंप नको' म्हणून तो थांबवतात आणि मग दमाच उसळतो. धाकटीला अंगावर पाजत असाल तर चालू ठेवा.

तापाला पॅरासिटामॉलच. किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवर बघून घ्या, 5 मिलीत 125 आहे की 250. ॲस्पिरिन असलेली कुठलीही गोळी फ्लूच्या तापात मुलांना द्यायची नाही, त्याने यकृताला आणि मेंदूला इजा होऊ शकते. घरात आजी-आजोबांच्या डब्यात ती असते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

पुरचुंडी आज रात्रीच काढा. सासूबाईंचा जीव तुटतोय म्हणून त्या करताहेत, हे मला दिसतं. पण कापूर विषाणू मारत नाही आणि चौदा महिन्यांचं मूल गळ्यातली प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. थोडासा कापूर पोटात गेला तरी एवढ्या लहान मुलाला झटके येतात. दोरीचा फास बसायचा धोका वेगळाच. त्यांना म्हणावं, तुम्ही साबणाने हात धुण्याचं खातं सांभाळा: बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, नाक पुसल्यावर, वीस सेकंद, नखांच्या खालीसुद्धा. आजी मागे लागली की मुलं ऐकतात.

बापू, मुलं सोडून आलात, ठीक. पण या आजारात लक्षणं दिसायच्या आधी एक दिवस माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो. संगमनेरला घरी जे असतील त्यांना हे सांगून ठेवा आणि मुलांना आठवडाभर तरी लग्न-बारशात नेऊ नका. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरायचा, घर सोडलं की उंदीर मागे राहायचे. फ्लू माणसाबरोबर एसटीत बसतो. 1918 साली तो मुंबईत बंदरावर उतरला आणि रेल्वेने देशभर गेला. शर्वरीताई, वाईच्या बेताला तुमचं मन का तयार नाही त्याचं कारण हे असावं. शिवाय दम्याच्या मुलाला रात्री धाप लागली तर पुण्यात तुमच्या हाताशी जास्त सोयी आहेत.

एन-95 मुलांच्या चेहऱ्याच्या मापाचा नसतो, पैसे वाया घालवू नका. आजारी माणसाने साधा तीन पदरी मास्क लावला आणि तो ओला झाला की बदलला, तर घरातल्यांना त्याचा जास्त उपयोग.

शर्वरी_सिंहगडरोड
11 ऑगस्ट, सकाळी 6.20

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. रात्री दोघांचे श्वास मोजले. धाकटीचे 28, थोरल्याचे 22. मोजताना पहिल्यांदा चुळबुळ केली तिने, पुन्हा पहिल्यापासून मोजले. पुरचुंड्या काढल्या. सासूबाईंना तुमचा मजकूर वाचून दाखवला, कापराने झटके येतात हे ऐकून त्यांनी स्वतःच गाठ सोडली. वाईचा बेत रद्द. पाळणाघरही बंद केलं, मी कामावरून रजा टाकते आहे.

मराठीच्या_बाई
11 ऑगस्ट, दुपारी 3.05

मी प्राथमिक शाळेत शिकवते. डॉक्टरांनी घरचं सांगितलं, मला शाळेचं सांगायचं आहे, कारण आठ दिवसांनी शाळा उघडतील तेव्हा आपण पुन्हा तिथेच येणार.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गात एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं टेकून झोपला. कपाळाला हात लावला तर चटका बसला. दप्तरात आईची चिठ्ठी: 'घटक चाचणी बुडू नये म्हणून पाठवले आहे, सकाळी औषध दिले आहे.' त्या आईला मी दोष देणार नाही. चाचणी पुन्हा घेत नाहीत आणि शंभर टक्के हजेरीला बक्षीस आम्हीच देतो. एका बाकावर तिघं बसतात, वर्गात साठच्या आसपास मुलं. मुलींच्या स्वच्छतागृहात नळ आहे, पण दुपारनंतर पाणी नसतं आणि साबण मी नोकरीला लागल्यापासून पाहिलेला नाही.

पालकांनो, शाळा उघडायच्या आधी मुख्याध्यापकांना चारजण मिळून भेटा. साबण आणि पाणी मागा, आजारी मुलाची चाचणी पुन्हा घ्या म्हणा, यंदा हजेरीचं बक्षीस बंद ठेवा म्हणा. आम्ही शिक्षक हे आतून बोललो तर ऐकलं जातंच असं नाही. पालक बोलले की कागद हलतात.

शर्वरी_सिंहगडरोड
14 ऑगस्ट, संध्याकाळी 7.50

थोरल्याला मंगळवारी रात्री ताप आला, 102. बुधवारी सकाळीच आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन महापालिकेच्या केंद्रावर गेलो. त्यांनी दमा आहे हे बघून लगेच टॅमिफ्लू दिलं, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. कॅप्सूल त्याला गिळता येईना. तिथल्या सिस्टरनी दाखवलं तसं वाटीत थोडा मध घेऊन त्यात कॅप्सूलमधली पूड कालवते. कडू लागते, तोंड वाकडं करतो, पण मागून पाणी प्यायला की घेतो. उपाशीपोटी दिलं तेव्हा उलटी झाली, आता मऊ भात भरवून मग देते. श्वास रोज मोजते, सगळ्यात जास्त 26 भरला. आज ताप नाही आणि मघाशी थालीपीठ मागितलं. नाकाला फडकं बांधून मीच त्याच्याजवळ असते, धाकटी आजीजवळ.

बाई, आम्ही चौघीजणी सोमवारी शाळेत फोन करून मुख्याध्यापकांची वेळ घेतोय. डॉक्टर, एकच विचारते: शाळा उघडली तर त्याला कधी पाठवू? आणि रविवारी 23 ला गणपती बसतील, घरी पंधरा-वीस माणसं येतात दर्शनाला.

बालरोग_चिंचवड
15 ऑगस्ट, सकाळी 8.30

छान. पाच दिवसांचा कोर्स पूर्ण करा, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. ताप आल्यापासून सात दिवस घरी, आणि त्यानंतरही खोकला फार असेल तर तो ओसरेपर्यंत. म्हणजे तुमच्या हिशेबाने बुधवारपर्यंत नाहीच. पुन्हा ताप आला तर मात्र लगेच दाखवा. धाकटीचं अंग रोज दोनदा बघा, गरम लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर, थोरल्याच्या वेळी केलंत तसंच.

गणपती बसवा. यंदा आरतीला घरचेच असू द्या, बाकीच्यांना फोनवर सांगा की पोरगं नुकतंच उठलं आहे. प्रसाद एकाच ताटातून वाटू नका, वाटीत वेगळा द्या. कुणी खोकत आलं तर दारातूनच नमस्कार करायला लावा, वाईट वाटलं तरी चालेल.