फ्रेडी एकटा गायला म्हणून एवढी आगपाखड?

कॅसेटवेडा: काल एका गृहस्थांनी ठोकून दिलं, "फ्रेडी मर्क्युरीचा एकट्याचा अल्बम, १९८५चा 'मिस्टर बॅड गाय' ऐका. त्याच्या क्वीन या रॉक बँडशिवाय फ्रेडी म्हणजे लग्नाच्या वरातीतला गायक." रात्रभर डोकं भणभणलं. ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलेला अल्बम आहे तो! १९८१ साली फ्लीटवुड मॅक बँडची स्टीव्ही निक्स आणि जेनेसिस बँडचा फिल कॉलिन्स एकेकटे उतरले, तेव्हा कौतुक. क्वीनमध्येही आधी वेगळा अल्बम काढला तो ड्रमर रॉजर टेलरने, त्याच साली. त्याला कोणी बोल लावला?

सुपारीवाला: तो गृहस्थ मीच. कॉलिन्सचा गाजलेला ड्रमचा आवाज आधी सापडला तो जेनेसिसचाच जुना गायक पीटर गेब्रिएल याच्या १९८०च्या अल्बमवर वाजवताना. म्हणजे जुना सोबतीच कामी आला. आमच्या ऑर्केस्ट्राचा गायकही '८७ला फुटला. 'लोक माझ्यासाठी येतात' म्हणाला. पुढच्या गणपतीत आम्हाला नऊ सुपाऱ्या, त्याला दोन. त्यातली एक मेहुण्याच्या मंडळाची.

कॅसेटवेडा: तुमचा गायक आणि फ्रेडी एकाच तागडीत? धन्य आहे.

टेबललँड: भांडू नका. मुळात पोरगा आपला, पाचगणीच्या शाळेत शिकलेला. पहिला बँडही तिथलाच, हेक्टिक्स. माझे काका त्याच घाटात टॅक्सी चालवायचे.

सुपारीवाला: काकांच्या टॅक्सीत फ्रेडी बसला होता का?

टेबललँड: बसलाही असेल!

नवसारीकर: आपला कसला? जन्म झांझिबारचा, घर पारशी, आडनाव बलसारा, म्हणजे मूळ बुलसार, आताचं वलसाड. हक्क सांगायचाच तर आमचा नंबर आधी.

टेबललँड: वलसाडला हेक्टिक्स वाजले होते का?

नवसारीकर: पाचगणीत तरी त्याचा पुतळा आहे का दाखवण्याइतका? मॉन्ट्रोला तळ्याकाठी आहे. स्वित्झर्लंडवाल्यांना कळलं, तुम्हाला स्ट्रॉबेरी विकण्यातून सवड नाही.

टेबललँड: स्ट्रॉबेरीवर यायचं काम नाही हं. आमची दोन एकर आहे.

कॅसेटवेडा: अल्बमवर बोला हो कोणीतरी!

सुपारीवाला: बोलतो. त्यातली दोन गाणी क्वीनने १९९५च्या 'मेड इन हेवन'मध्ये पुन्हा घेतली. गळा तोच, मागे क्वीनच्या ब्रायन मेची गिटार. दोन्ही लागोपाठ ऐका. मूळ अल्बमवरचा, म्युनिकमध्ये रेकॉर्ड केलेला तो सिंथेसायझर पुठ्ठ्यासारखा वाटतो.

कॅसेटवेडा: आणि १९९३ला त्याच अल्बममधल्या 'लिव्हिंग ऑन माय ओन'चं रीमिक्स ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, ते? तिथे कुठे होती मेची गिटार?

सुपारीवाला: बरं बाबा, ९३ तुमचं. फ्रेडीला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ठेका दुसऱ्यांनी बसवला होता, पण घ्या. नाहीतरी अल्बम त्याने आपल्या मांजराला अर्पण केलाय, माझं मत विचारलंय कोणी?

टेबललँड: मांजर पाचगणीचं नव्हतं ना?