जुन्या फायबरग्लास शिडाच्या होडीला तळाशी फोड आले आहेत : आधी काय करावे?

प्रश्न : माहुलीसंगम (सातारा)

नमस्कार. दिवाळीनंतर मी दाभोळच्या खाडीत नांगरून पडलेली २२ फुटी, शिडाची, फायबरग्लासची होडी विकत घेतली. तिची बांधणी १९८० च्या दशकातील असून खाली बोल्टांनी जोडलेली लोखंडी कील (होडीला तोल देणारा तळाखालचा जड कणा) आहे. दर आठवड्याला घाट उतरून दुरुस्तीसाठी जाणे मला शक्य नव्हते. म्हणून डोलकाठी उतरवून, होडी लाकडी चौकटीत बसवून ट्रकने कुंभार्ली घाटातून वर आणली. डिसेंबरपासून ती साताऱ्यात घरामागच्या मोकळ्या जागेत उभी आहे.

तळाचा जुना रंग खरवडला तेव्हा पाण्याच्या रेषेखाली शंभराहून अधिक फोड दिसले. त्यांतले काही फोडून पाहिले, तर आतून व्हिनेगरसारख्या वासाचे चिकट पाणी आले. याशिवाय डोलकाठीच्या बुडाशी आणि उजवीकडच्या चेनप्लेटजवळ (डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जिला बांधतात ती धातूची पट्टी) पाय दिला की डेक किंचित दबते. एका कारागिराचे म्हणणे असे, की संपूर्ण तळावर मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन नवे थर चढवले की काम संपेल. हे करावे का? आणि ऑक्टोबरमध्ये कोकणात उतरण्यापूर्वी शिवसागरावर (कोयना धरणाच्या जलाशयावर), बामणोलीच्या बाजूला, तिची चाचणी घेता येईल का?

उत्तर १ : कृष्णाकाठ (सांगली)

मी गेली अनेक वर्षे फायबरचे काम करतो. पाण्याच्या टाक्या, गाड्यांच्या बॉडी आणि २०१९ च्या महापुरानंतर गावोगावच्या बचाव होड्याही माझ्याकडे दुरुस्तीला येतात. माझी कळकळीची विनंती आहे की आत्ता मॅट चढवू नका. ओल्या तळावर नवा थर घातला, तर आतील पाणी आतच कोंडते आणि एक-दोन वर्षांत नवा थरच पापुद्र्यासारखा सुटतो.

फोडांतील ते चिकट पाणी साधे पाणी नसते. जेलकोटमधून (फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरातून) झिरपलेले पाणी पॉलिएस्टर रेझिनमधील (काचतंतूंना धरून ठेवणाऱ्या घट्ट झालेल्या रसायनातील) विरघळणाऱ्या अंशांशी मिसळून त्याचे आम्लयुक्त द्रावण बनते, आणि ते आणखी पाणी ओढून घेते. हे द्रावण नुसत्या उन्हाने उडून जात नाही. त्यामुळे प्रत्येक फोड ग्राइंडरने मोकळा करून त्याच्या कडा उतरत्या घासा आणि मग गोड्या, शक्यतो गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. आठवडाभर वाळू द्या, पुन्हा धुवा. खड्डा चिकट लागेनासा झाला आणि वास गेला, म्हणजे पुढे जायचे. कोकणातील दमट हवेपेक्षा साताऱ्याची फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा या कामाला फार चांगली आहे, त्यामुळे होडी वर आणलीत हे उत्तम केलेत.

वाळली की नाही हे पाहण्यासाठी हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून तळावर लावा आणि काही दिवस राहू द्या. आतल्या बाजूला दव धरले, तर अजून थांबा. त्यानंतर खड्डे इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनच्या लांबीने (पुट्टीने) भरून वर रोलरने इपॉक्सीचे पाच-सहा थर द्यावेत. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर चांगली धरते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, हे कारागिराला स्पष्ट सांगा.

एक धोक्याची गोष्टही लिहून ठेवतो. कुठे पॉलिएस्टरचे काम करावे लागलेच, तर रेझिन लवकर घट्ट करण्यासाठी घालायचे कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, कारण त्याने पेट घेतो किंवा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा आणि मगच हार्डनर घालावा.

उत्तर २ : मतलई

तळाच्या फोडांनी आपण घाबरला आहात, पण मला आपल्या डेकची चिंता जास्त वाटते. फोडांमुळे होडी बुडाल्याचे मी पाहिलेले नाही. डोलकाठी मात्र दबलेल्या डेकवर उभी राहत नाही.

अशा होड्यांच्या डेकमध्ये फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये हलक्या लाकडाचा गाभा असतो. चेनप्लेट किंवा कठड्याच्या स्क्रूभोवतीचे सील गेले की पाणी गाभ्यात शिरते आणि लाकूड कुजते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वीतभर अंतराने डेक ठोकून पाहा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येईल आणि कुजलेल्या जागी बद्द. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ ओढत गेलात, की कुजलेल्या भागाचा नकाशाच तयार होतो. तेवढा वरचा थर कापून काढा, कुजका गाभा खरवडा, नवा घाला आणि थर पुन्हा बसवा. डोलकाठीच्या बुडाखाली मात्र हलके लाकूड नको. तिथे दाट केलेल्या इपॉक्सीचा भरीव भाग करा, कारण डोलकाठीच्या तारांचा सगळा ताण शेवटी तिथेच खाली दाबतो.

चेनप्लेट पूर्ण बाहेर काढून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नका. स्टेनलेस स्टीलला गंज न लागण्यासाठी प्राणवायू लागतो. डेकच्या आत, ओल्या लाकडात दडलेल्या भागाला तो मिळत नाही आणि वरून चकचकीत दिसणारी पट्टी आतून चिरत जाते. तारा दहा-पंधरा वर्षांहून जुन्या असतील, तर सगळ्या बदला. कीलच्या सांध्यावर गंजाचे ओघळ असतील, तर निदान एक बोल्ट काढून तपासा. सुकाणूच्या बुडाशी बारीक भोक पाडल्यास आत पाणी साचले आहे का तेही कळेल. तळातील पितळी झडपा खरवडल्यावर गुलाबी दिसल्या, तर त्यांतले जस्त निघून गेले आहे असे समजून त्या बदला.

उत्तर ३ : वाशिष्ठीमुख (दाभोळ)

शिवसागराचा विचार सोडा, असे मी म्हणेन. तो परिसर अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाचा आहे, तिथे खासगी होडी उतरवणे हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. शिवाय गोड्या पाण्यात असे फोड खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर येतात. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून शेवटी वाशिष्ठीलाच मिळते, तेव्हा आपणही त्याच वाटेने खाली या.

सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयाकडून परवानग्यांची माहिती आधी घ्या. पहिली सफर दाभोळ ते जयगड अशी करा, सरळ रेषेत ते सुमारे १७ सागरी मैल आहे. दुपारचे खारे वारे वायव्येकडून येतात, त्यामुळे दक्षिणेला जाणे सोपे जाते. परतताना पहाटेचे मतलई वारे मिळतील अशा बेताने नांगर उचला, नाहीतर दुपारभर वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी जावे लागेल. खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. उधाणाच्या ओहोटीत तो ओलांडू नका. सुरुवातीला भांगाचे (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते) दिवस निवडा.

माहुलीसंगम

सर्वांचे मनापासून आभार. काल उजवीकडची चेनप्लेट बाहेर काढली. डेकच्या जाडीत बसणाऱ्या भागावर, बोल्टाच्या भोकापासून कडेपर्यंत, केसाएवढी चीर आहे. डावीकडची उद्या काढतो आहे. डेक ठोकून पाहिली, तर बद्द आवाजाचा पट्टा डोलकाठीपासून उजव्या चेनप्लेटपर्यंत सलग निघाला. मॅटचे काम रद्द केले असून फोड धुण्याची पहिली फेरी रविवारी सुरू करतो.