नव्या कॉम्प्युटरवर २५ अ‍ॅप्स? आधी अडचण तरी येऊ द्या!

रिकामा_डेस्कटॉप:
काल 'नवा कॉम्प्युटर घेतलात? ही २५ अ‍ॅप्स टाकल्याशिवाय कामाला बसू नका' असा धागा आला. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय. मूळ लेखकाने राग मानू नये. मानला तरी माझी हरकत नाही.

त्या यादीत काय काय आहे? कचरा साफ करणारी तीन. अँटिव्हायरस दोन, म्हणजे एकाच वेळी दोन पहारेकरी, एकमेकांनाच चोर समजणारे. रॅम 'मोकळी' करणारं एक, ड्रायव्हर शोधणारं एक, स्क्रीनशॉटसाठी दोन, टिपणांसाठी तीन, कामांच्या याद्यांसाठी दोन आणि दर २५ मिनिटांच्या कामानंतर 'आता विश्रांती' म्हणून घंटा वाजवणारा तो टोमॅटो. पुढची दहा मी वाचलीच नाहीत.

यातली निम्मी कामं विंडोज स्वतःच करतं. विंडोजची कळ आणि व्ही दाबा, आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी समोर येते. हे २०१८ पासून आहे. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं की हवा तेवढाच स्क्रीनशॉट. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय २०१७ मध्ये आली. विंडोज ८ पासून अँटिव्हायरस आतच आहे. रॅम मोकळी करणं तर निव्वळ बुवाबाजी. नुकतं वापरलेलं हाताशी राहावं म्हणून सिस्टीमच रॅम भरून ठेवते. हे अ‍ॅप ते सगळं बाहेर ढकलतं, पुढच्या मिनिटाला सिस्टीम तेच डिस्कवरून परत आणते, आणि आपण हिरवा आकडा बघून खूश.

रजिस्ट्री (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवतं ती वही) साफ करणाऱ्या अ‍ॅप्सना आमचा पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टने लेखी सांगितलेलं आहे. आणि २०१७ चं सीसीक्लीनर प्रकरण सगळे विसरले का? अधिकृत ठिकाणाहून उतरवलेल्या ५.३३ आवृत्तीतच घातक कोड होता, आणि ती २२ लाखांहून जास्त कॉम्प्युटरांवर गेली होती. कचरा काढायला आलेल्यानेच घाण केली.

माझा नियम असा: एकच अडचण तीनदा आली की मग अ‍ॅप शोधायचं. टाकण्याआधी बघायचं की उद्या ते सोडलं तर माझा माल मला परत मिळेल का.

यादीवाला:
ती यादी माझी. 'राग मानू नये' म्हणून लिहायचं आणि पुढे बुवाबाजी म्हणायचं, वा!

दुसरा अँटिव्हायरस चुकून राहिला, मान्य. बाकी तुमचा 'आधी अडचण' हा नियम ऐकायला छान आहे, पण अडचण आहे हे कळायला तरी हवं ना? ज्याने फाइली शोधणारं 'एव्हरीथिंग' कधी वापरलंच नाही, त्याला फाइल शोधायला दीड मिनिट लागणं ही अडचण वाटतच नाही. माणूस संथपणाला सरावतो आणि त्यालाच कॉम्प्युटर म्हणतो. याद्या त्यासाठी असतात.

आणि ज्यांना सगळे शॉर्टकट पाठ आहेत त्यांनी 'सगळं आतच आहे' म्हणणं सोपं. विंडोज आणि व्ही तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्हीही कुठल्यातरी यादीतच वाचलं असणार.

फोल्डरभक्त:
एव्हरीथिंग लागतंच कशाला? ज्याचे फोल्डर नीट त्याला काहीच शोधावं लागत नाही. माझ्याकडे वर्ष, त्यात विषय, त्यात महिना अशी रचना १६ वर्षं चालू आहे. डोळे मिटून सांगतो कुठली फाइल कुठे आहे.

शॉर्टकटवाली:
@फोल्डरभक्त, डोळे मिटून तुम्ही सांगाल हो. तुमच्या घरच्यांना सापडतं का?

आमच्या टीममध्ये असेच एक शिस्तप्रिय गृहस्थ होते. सात पातळ्या खोल फोल्डर, आणि प्रत्येकाचं नाव एका ओळीएवढं लांब. ते दुसरीकडे गेले आणि अख्खा विभाग आठवडाभर उत्खनन करत होता. शेवटी पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या पुढे गेल्याने काही फाइली कॉपीच होईनात! तेव्हा एव्हरीथिंग टाकलं. ते फोल्डर एकेक उघडत बसत नाही. एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवायची नेहमीची पद्धत) डिस्कवर सगळ्या फाइलींची जी मूळ नोंदवही असते तीच थेट वाचतं, म्हणून लाखो नावं असली तरी टाइप करता करता उत्तर येतं. मला रचना लक्षात ठेवायची गरजच उरली नाही. सगळं एका ढिगात.

फोल्डरभक्त:
'सगळं एका ढिगात' हे तुम्ही अभिमानाने सांगताय, यातच सगळं आलं. तुमचं ते अ‍ॅप मुळात नावं शोधतं ना? मग 'स्कॅन०००१' नावाच्या पीडीएफमध्ये काय आहे ते कसं कळणार? नाव नीट द्यायला शिस्त लागते, आणि शिस्त असेल तर फोल्डर पुरतात. फिरून तिथेच आलात.

शॉर्टकटवाली:
शिस्त लागते, पण एकदाच आणि घाऊक. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉईज या साधनसंचात एकगठ्ठा नावं बदलायची सोय आहे. मी १४०० फोटोंची नावं चहा निवायच्या आत बदलली आहेत. पॉवरटॉईज विंडोज ९५ च्या काळात होतं, मधे गायब झालं, २०१९ मध्ये मुक्तस्रोत होऊन परत आलं. @रिकामा_डेस्कटॉप, हे तुमच्या 'आतच आहे'मध्ये बसत नाही हं. वेगळं टाकावं लागतं.

जुनं_खोड:
फोल्डर राहू द्या, शोध राहू द्या. खरा प्रश्न वेगळाच आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. ही अ‍ॅप्स मरतात.

वेगवेगळ्या साइट्सचं नवं लेखन एका जागी दाखवणारं गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं. कामांच्या याद्यांचं वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि २०२० मध्ये मिटवलं. माझं स्वतःचं सांगतो. एका टिपणांच्या अ‍ॅपमध्ये (नाव घेत नाही, घेतलं की त्यांचे भक्त येतात) माझी नऊ वर्षांची टिपणं होती. एके दिवशी फुकट खात्यावर मर्यादा आली. बाहेर काढायला गेलो तर असा काही साचा मिळाला, जो दुसरं कुणी धड वाचेना. चित्रं एकीकडे, मजकूर दुसरीकडे, तारखा सगळ्या त्या दिवशीच्या. तीन रविवार हाताने जुळवत बसलो होतो.

तेव्हापासून साध्या टेक्स्ट फाइली. नोटपॅड १९८५ च्या पहिल्या विंडोजबरोबर आलं, आजही आहे. त्या फाइली आजही उघडतात. तुमच्या २५ अ‍ॅप्सपैकी ४० वर्षांनी किती उरतील?

यादीवाला:
४० वर्षांनी मी तरी उरेन का काका! :)

यादीत ऑब्सिडियन म्हणूनच आहे. टिपणं तुमच्याच डिस्कवर मार्कडाउन, म्हणजे साध्या टेक्स्टच्याच, फाइलींत राहतात. अ‍ॅप गेलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील. वाचली असती तर दिसलं असतं, पण इथे यादी न वाचताच झोडपायची पद्धत आहे.

जुनं_खोड:
वाचली. त्यात ऑब्सिडियनच्या खाली लगेच आणखी दोन टिपणांची अ‍ॅप्स आहेत आणि तीनही 'अत्यावश्यक'. तिघांत टिपणं वाटून ठेवायची का? सोमवारी एकात, मंगळवारी दुसऱ्यात?

फोल्डरभक्त:
शोधवाल्यांना एक विचारायचं राहिलं. देवनागरी नावं असतील तर? माझ्या मेहुण्याने फाइलीला 'हिशोब' नाव दिलं होतं, बायको 'हिशेब' शोधत बसली. सापडेना. शेवटी मी फोल्डरमध्ये जाऊन दहा सेकंदांत काढून दिली.

शॉर्टकटवाली:
मग 'हिश' एवढंच टाइप करायचं.

फोल्डरभक्त:
आणि योग्य शब्द 'हिशेब' आहे हे कुणालाच खटकलं नाही?

जुनं_खोड:
दोन्ही चालतात.

फोल्डरभक्त:
बोलण्यात चालतात.

अक्षरकिडा:
इथे मला राहवत नाही. 'हिशोब-हिशेब' निदान डोळ्यांना वेगळे दिसतात. खरा घात न दिसणारा आहे. 'दुसर्‍या' हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो. काही कळफलक साधा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. काही थेट 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. पडद्यावर फरक ओळखणं कठीण, शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'अ‍ॅप'चंही तेच. एक जण 'अ'वर चंद्र ठेवतो, दुसरा 'ॲ' हे अखंड अक्षर वापरतो, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. एकाने टाइप केलेलं दुसऱ्याला शोधून सापडत नाही. या धाग्याच्या शीर्षकातला शब्दच शोधून बघा.

मी एका मोठ्या मजकुरात 'ऱ्या'वाले सगळे शब्द एका फटक्यात बदलले आणि खूश झालो. नंतर कळलं, निम्मेच बदलले होते. छापील प्रतीत कळलं. संपादकांचा फोन आला तो प्रसंग सांगत नाही.

रिकामा_डेस्कटॉप:
@अक्षरकिडा, शीर्षकात खरंच नाही सापडला! माझा कळफलक 'ॲ'वाला निघाला, शीर्षक मी मोबाइलवरून टाकलं होतं. पण मंडळी, धागा अ‍ॅप्स निवडण्यावर होता...

फोल्डरभक्त:
म्हणजे फोल्डरच बरे हे सिद्ध झालं.

शॉर्टकटवाली:
काहीही सिद्ध झालं नाही! फोल्डरचं नावही देवनागरीतच असेल ना? तुमचा हेका असा आहे की उद्या डिस्क जळाली तरी म्हणाल 'फोल्डर नीट होते.'

फोल्डरभक्त:
ढिगात राहणाऱ्यांनी शिस्तीवर बोलू नये.

शॉर्टकटवाली:
आणि १६ वर्षं एकच रचना रेटणाऱ्यांनी दुसऱ्यांना कॉम्प्युटर शिकवू नये.

धांदरट:
भांडा सावकाश. डिस्क जळण्याचा विषय निघालाच आहे तर माझी कथा ऐका.

मला सगळे सांगायचे, 'क्लाउडवर सिंक लाव, बॅकअपची चिंता मिटली.' लावलं. एकदा लॅपटॉपवर जागा कमी पडली म्हणून फोटोंचा फोल्डर उडवला. मनात हिशेब असा (हो, हिशेब!) की क्लाउडवर आहेतच. सिंकने इमानदारीने क्लाउडवरूनही उडवले, आणि मोठ्या कॉम्प्युटरवरूनही. तिथल्या रिसायकल बिनची मुदत ३० दिवसांची होती. मला आठवण झाली ती तिसऱ्या महिन्यात, भाचीच्या पहिल्या पावलाचा व्हिडिओ तिला दाखवायला गेले तेव्हा.

सिंक म्हणजे आरसा. बॅकअप म्हणजे दुसरीकडे ठेवलेली प्रत. आता बाहेरची हार्ड डिस्क आहे, दर रविवारी फ्रीफाइलसिंकने प्रत काढते आणि लगेच केबल काढून ठेवते. त्या अ‍ॅपचंही नाव सिंकच आहे, म्हणून एका बाजूने दुसरीकडे अद्ययावत करायचा पर्याय लावलाय, पुसलेलं तिकडूनही पुसू नये असा. यादीवाले दादा, तुमच्या २५ मध्ये बॅकअपचं एकही नाही हे कुणाच्या लक्षात आलं का?

यादीवाला:
...हे खरं आहे. लिहिताना सुचलंच नाही. क्लाउडचं एक होतं, त्यालाच मी बॅकअप धरलं होतं.

रिकामा_डेस्कटॉप:
माझ्याही लक्षात आलं नाही, आणि मी तर यादी फाडायलाच बसलो होतो. आता माझ्या नियमाचं काय करायचं? 'अडचण तीनदा आली की अ‍ॅप' हे बॅकअपला लावलं तर तीनदा फोटो जायला हवेत.

यादीवाला:
हा प्रतिसाद मी स्क्रीनशॉट काढून ठेवतोय. विंडोज, शिफ्ट, एस.

रिकामा_डेस्कटॉप:
काढा. खाली हेही येऊ द्या: बॅकअप आणि पासवर्ड सांभाळणारं एखादं, ही दोन आधीच टाकायची. बाकी तेवीस अडचण आल्यावरच. टोमॅटो कधीच नाही.

यादीवाला:
टोमॅटोवर एवढा राग का? ज्याने ती पद्धत काढली त्या चिरिलोकडे साधं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ होतं, अ‍ॅप नव्हतंच. माझा प्रबंध त्या २५-२५ मिनिटांवर पूर्ण झालाय.

जुनं_खोड:
मग घड्याळच घ्या की. त्याला अपडेट लागत नाही.

यादीवाला:
ठीक. तीन क्लीनर काढतो, रॅमवालं काढतो, ड्रायव्हरवालंही काढतो, टिपणांतलं एकच ठेवतो. बॅकअप सगळ्यात वर. टोमॅटो राहणार. एव्हरीथिंगही राहणार, फोल्डरभक्त काहीही म्हणोत.

फोल्डरभक्त:
काल रात्री, केवळ नावं ठेवता यावीत म्हणून, ते एव्हरीथिंग टाकून पाहिलं. 'हिश' टाइप केलं.

माझ्याच कॉम्प्युटरवर '२०१९'च्या आत 'हिशेब' आणि 'हिशोब' असे दोन फोल्डर निघाले. जानेवारी ते मे एकात, पुढचं दुसऱ्यात. ज्या पावत्या हरवल्या म्हणून मी मेहुण्याशी वर्षभर बोललो नव्हतो, त्या दुसऱ्यात आहेत.

शॉर्टकटवाली:
मी काहीच बोलत नाही.

फोल्डरभक्त:
नकोच. आणि हो, दोन्ही फोल्डर एकत्र करून 'हिशेब'च ठेवलंय.