मदत हवी आहे : घरातील पेयांच्या कोपऱ्यासाठी ओटा आणि वीजजोडणी

जेवणघरातील साडेचार फुटांच्या भिंतीलगत चहा, फिल्टर कॉफी आणि उन्हाळ्यातील पन्हे, कोकम सरबत यांसाठी स्वतंत्र कोपरा करावयाचा आहे. सुताराने सुचवलेला प्लायवुडचा ओटा मला पटत नाही, कारण आधीच्या घरी किटलीच्या वाफेने फळीची कड फुगून सनमायका सुटला होता. संगमरवरावर लिंबा-कोकमाच्या आंबटपणाचे डाग कायमचे बसतात, म्हणून काळ्या ग्रॅनाइटकडे कल आहे. खरी अडचण विजेची आहे. तेथे ६ अँपिअरचे एकच सॉकेट असून त्यावर १५०० वॉटची किटली चालवणे योग्य नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी वायर ओढताना, नुकतीच रंगवलेली भिंत न फोडता, बाहेरून केसिंग पट्टीतून नेलेली चालेल का? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.