अनुभव धागा : हृदयाचा दोष घेऊन जन्मलेलं लेकरू गावात वाढवताना

माझी मुलगी चौथीत आहे. जन्मापासून टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे एकाच हृदयात चार दोष. ऑपरेशन झालं आहे. आमच्या गावात असं दुसरं लेकरू नव्हतं, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच मोठा प्रश्न होता. दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. म्हणजे आजूबाजूच्या गावांत आपल्यासारखे आईबाप असणारच. ऑपरेशनचं डॉक्टर सांगतात. दूध कसं पाजलं, उन्हाळा कसा काढला, घरच्यांना काय सांगितलं, हे इथं लिहा.

सुरुवात मीच करते. ऑपरेशनआधी ती सकाळी उठल्यावर रडायला लागली की ओठ, नखं निळी व्हायची, श्वास भराभर चालायचा. आमच्या आत्याबाई म्हणायच्या, "रडू दे व तिले, छाती मोकळी होते." यात त्यांची चूक नाही, सगळ्या म्हाताऱ्या तेच सांगतात. पण या आजारात रडणंच घातक. डॉक्टरांनी दाखवलं होतं : बाळाला कुशीत घ्यायचं, दोन्ही गुडघे दुमडून छातीशी दाबून धरायचे, आपण घाबरायचं नाही आणि लगेच दवाखान्याकडे निघायचं. पाय दुमडले की शरीराकडचा दाब वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे जातं. चालायला लागल्यावर ती खेळता खेळता आपोआप उकिडवी बसायची, त्याचंही कारण हेच. मी आत्याबाईंना डॉक्टरांसमोर नेलं, त्यांच्याच हातांनी करून बघायला लावलं. त्यानंतर झटका आला की माझ्याआधी त्याच उचलायच्या.

उन्हाळ्याचं मुद्दाम लिहिते. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. निळ्या पडणाऱ्या लेकरांचं रक्त मुळातच घट्ट असतं. अंगातलं पाणी कमी झालं की ते आणखी घट्ट होतं, गुठळीची भीती वाढते. साधी हगवण लागली तरी आम्ही थांबत नव्हतो, लगेच दवाखाना गाठायचो. दुपारचं लग्न, मांडव, एसटीचा प्रवास, सगळं बंद. नातेवाईक रागावले, रागावू दिले.
— आई, आर्वी तालुका

आमच्या मुलाच्या हृदयाला मोठं छिद्र होतं, व्हीएसडी. निळा नव्हता, म्हणून संशय आला नाही. अंगावर पिताना कपाळावर घाम यायचा, दोन घोट घेऊन थकून झोपायचा, वजन वाढतच नव्हतं. वारंवार निमोनिया. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली, त्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ठोके ऐकले आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलं. ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, २०१३ पासून चालू आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका.

ऑपरेशनपर्यंत वजन वाढवणं हेच काम. बायको दूध काढून वाटी-चमच्यानं थोडं थोडं, दर दोन तासांनी पाजायची. पुढे पेजेत तूप. लघवीचं औषध रोज ठरल्या वेळी.

नागपूरपेक्षा आम्हाला रायपूर सोयीचं. नवा रायपूरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन मोफत होतं. महाराष्ट्रात करायचं असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि आईबापाचे आधार सोबत ठेवा, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा. ऑपरेशनला पैसा लागला नाही. पण तारीख आली ती ऐन रोवणीत, आणि मजुरी बुडाली. तेवढे पैसे बाजूला ठेवा. कोणी सांगत नाही म्हणून लिहितो.
— वडील, देवरीकडचे, गोंदिया जिल्हा

मी गावातली आशा कार्यकर्ती आहे, गडचिरोली जिल्ह्यात. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आम्ही ४२ दिवसांत सहा वेळा घरी जातो. घरी जाऊन नवजात बाळ बघण्याची ही पद्धत आमच्याच जिल्ह्यात, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेच्या कामातून उभी राहिली, याचा मला अभिमान आहे. वजन तर करतेच, पण बाळ पिताना मी समोर बसून बघते. घाम, धाप, मध्येच सोडून देणं. आयांनो, "बाळ पितं का?" असं विचारलं तर नुसतं "हो" म्हणू नका, पाजून दाखवा.
— आशा कार्यकर्ती, गडचिरोली जिल्हा

माझ्या मुलीच्या हृदयातलं छिद्र उशिरा कळलं. तोवर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब इतका वाढला होता की छिद्र बंद करणं आता धोक्याचं आहे, असं दोन ठिकाणी सांगितलं. ती तेरा वर्षांची आहे. रोज गोळ्या घेते. जिना चढत नाही, म्हणून मुख्याध्यापकांनी तिचा वर्ग खाली आणला. चित्रं काढते, हिशोब पक्का आहे, दुकानात माझ्याशेजारी बसते. लोक तिच्यासमोर विचारतात, "किती दिवस काढन हे?" तिला ऐकू येतं. एवढंच सांगायचं होतं.
— आई, घाटंजी तालुका

दातांचं कोणी लिहिलं नाही. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात. आमच्या मुलाला कृत्रिम झडप आहे. दात काढण्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. दाताच्या डॉक्टरला हृदयाची फाइल आधी दाखवा.
— मेहकर

मी स्वतः ते लेकरू. लहानपणी फॅलोचं ऑपरेशन झालं, आता अमरावतीत शिकते. बरीच कुटुंबं ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांत तपासणी सोडतात, कारण लेकरू पळायला लागलेलं असतं. पण या ऑपरेशननंतर फुप्फुसाकडची झडप गळू शकते, ते आतून कळत नाही. माझी गळते. पुढे बदलावी लागेल असं सांगितलं आहे. म्हणून इको आयुष्यभर.

मुलींच्या आयांना आणखी एक. लग्नाआधी व्रण लपवू नका. गरोदरपण ठरवण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटावं लागतं आणि पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांत करतात. नवऱ्याला माहीत नसेल तर हे कसं होणार? आईनं मला सातवीतच फाइल वाचायला शिकवली, औषधांची नावं पाठ करून घेतली. माझी पुढची तारीख दिवाळीनंतर, वेचणीच्या दिवसांत आहे. बाबांनी मजूर आधीच सांगून ठेवले आहेत.
— अचलपूर तालुका