पियानोचा क्लास लावल्यावर पहिले काही महिने कसे जातात? – अनुभव धागा

शहापूरकर

नमस्कार मंडळी. आपल्याकडं पेटी शिकलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात, पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीवादक बेळगावात राहून आयुष्यभर शिकवत राहिले, त्यामुळं पेटीचा क्लास लावला की पुढं काय होणार हे घरातल्या आजीलासुद्धा ठाऊक असतं. पियानोचं तसं नाही. अलीकडं ओळखीतली बरीच जणं स्वतःसाठी नाहीतर पोरांसाठी विचारायलेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, सुरुवातीला नेमकं काय होतं? म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, कारवार, जिथं कुठं असाल तिथून लिहा.

मी नोकरी सांभाळत शिकायलोय. पहिल्या क्लासला गाणं बिणं काही नव्हतं. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, कोपर पट्ट्यांच्या उंचीला, बोटं किंचित वाकलेली, नखं कापलेली. मग बोटांना नंबर, अंगठा 1 आणि करंगळी 5, दोन्ही हातांना तसंच. 88 पट्ट्या बघून घाबरायला होतं, पण काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा जोडीनं असतात आणि दोनच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी (इंग्रजी C नावाचा सूर), एवढं डोक्यात बसलं की सगळा पियानो एकदम ओळखीचा होतो.

भजनी मंडळ टिळकवाडी

शहापूरकर, बरं झालं धागा काढलात. मी लग्न होऊन आल्यापासून भजनात पेटीवर आहे. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, हाताला एवढंच ठाऊक. पियानोवर बसले आणि उजव्या हातानं सरगम लगेच निघाला, कारण सी पासून सगळ्या पांढऱ्या वाजवल्या की आपला बिलावल थाटच की तो, कान तयार होताच. पण डावा हात! त्या हातानं आजवर हवा भरण्यापलीकडं काही केलेलंच नाही. उजवा हात वर जाताना 1 2 3 वाजवून अंगठा खालून सरकवायचा आणि पुढं 1 2 3 4 5, डावा मात्र 5 4 3 2 1 वाजवून अंगठ्यावरून मधलं बोट पलीकडं टाकतो, मग 3 2 1. म्हणजे उजव्याचा अंगठा वळतो 'म' वर आणि डाव्याचं बोट ओलांडतं 'ध' वर, दोघांची वळायची जागाच वेगळी, त्यामुळं दोन्ही हात एकदम चालवले की मेंदू थांबतो. आमचे सर म्हणतात एकेक हात वेगळा बसवा, डाव्याला उजव्याच्या दुप्पट वेळ द्या, आणि दोन्ही मिळून वाजवताना लय निम्मी करा. याच रीतीनं माझा बसला, वेळ लागला पण बसला.

दुसरी गोष्ट पेटीवाल्यांनी आधीच मनाशी धरून ठेवावी. पेटीवर भाता चालू आहे तोवर सूर धरून ठेवता येतो. पियानोत पट्टी दाबली की आतला हातोडा तारेवर आपटतो आणि त्या क्षणापासून सूर विरायला लागतो, बोट दाबून धरलं तरी. अभंगात मी जिथं एका सुरावर रेंगाळते तिथं पियानोवर मोकळं मोकळं वाटायचं. आता कळतंय की ती मोकळी जागा डाव्या हाताची आहे, खाली दोन-तीन सूर मिळून लावले की तोच अभंग भरून येतो. हे पहिल्यांदा माझ्या हातून झालं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

आणि आवाजाचं, पेटीवर पट्टी कशीही दाबा, लहानमोठेपणा भात्यावर ठरतो. इथं बोट किती वेगानं खाली जातं त्यावर. माझी बोटं पेटीच्या सवयीनं हलकी पडायची, अर्धे सूर ऐकूच यायचे नाहीत.

खानापूरचा बाबा

लेक चौथीत आहे, शनिवारी बेळगावला घेऊन जातो. पालक म्हणून एकच सांगतो, घरी कशावर सराव होणार हे क्लास लावायच्या आधी मॅडमना विचारा. आमच्याकडं भावाचा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड होता, मॅडम म्हणाल्या सुरुवातीला चालेल, पण पट्ट्या मऊ आहेत, बोटात ताकद येणार नाही, आणि ते बटण दाबलं की आपोआप वाजणारे ठेके बंद ठेवा. पुढं 88 पट्ट्यांचा जड ॲक्शनवाला, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा, डिजिटल पियानो घेतला आणि फरक महिन्याभरात कानाला कळायला लागला. हेडफोन लावता येतात, पहाटे वाजवलं तरी शेजारी उठत नाहीत. फक्त लाईट गेली की बंद, आणि पावसात आमच्याकडं लाईट जातेच, तेव्हा ती टेबलावर बोटं चालवत नंबर म्हणत बसते, मॅडमनीच सांगितलंय.

पाच सुरांचीच एक ओळ कितीतरी दिवस चालू होती. घरात पाहुणे आले की म्हणायचे, वाजव बघू एखादं गाणं, आणि तिला येत असायची ती एक ओळ. कृपा करून पोरांना असं बसवू नका. रोज पंधरा-वीस मिनिटं, तेवढं नेमानं झालं की पुरे. रविवारी दोन तास बसवून काही होत नाही.

निपाणीकर

मला नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर वाचणं, नकोच होतं, कानानं वाजवायचं होतं. कानानं उजवा हात येतोय, नाही असं नाही, पण डाव्या हाताला काय करायचं ते कळत नव्हतं, तिथं कागद लागला. वरच्या पाच रेघा उजव्याला, खालच्या पाच डाव्याला, आणि दोन्हींची वाचायची रीत वेगळी. कंटाळवाणं आहे. करा तरीपण.

कॅम्पातली ताई

मी चर्चमध्ये क्वायरला साथ करते आणि घरी मुलांना, मोठ्यांना शिकवते, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहिते.

लहान मुलं आणि मोठी माणसं अगदी वेगळी शिकतात. मुलांचे कान आणि हात बरोबरीनं वाढतात. मोठ्यांचा कान आधीच तयार असतो, कसं वाजायला पाहिजे ते त्यांना पक्कं माहीत असतं आणि हात तिथं पोचत नाही, म्हणून बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हात जमायला लागण्याच्या बेतात असतात तेव्हाच. मनगट किंवा कोपरापर्यंतचा हात दुखायला लागला तर मात्र रेटायचं नाही, थांबायचं आणि शिक्षकांना दाखवायचं, बहुतेकदा खांदे वर चढलेले असतात नाहीतर मनगट खाली पडलेलं.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या इंग्लंडमधल्या संगीत संस्थांच्या परीक्षा आठव्या ग्रेडपर्यंत असतात. मुलाला हौस असेल तर द्या, सक्ती कुठंच नाही. मी पहिल्या वर्षी परीक्षेचं नावही काढत नाही.

आता लाकडी पियानोबद्दल, कारण जुना कुणाच्या बंगल्यात पडलाय, घेऊ का, असं मला सारखं विचारतात. बेळगावचा पाऊस लक्षात घ्या. आत दोनशेच्या वर तारा ताणलेल्या असतात आणि त्यांच्यामागची फळी लाकडाची. हवेतला ओलावा वाढला की लाकूड फुगतं, सूर सरकतात, पट्ट्या अडकायला लागतात. बाहेरच्या भिंतीला आणि खिडकीला लागून ठेवू नका. ट्यूनिंग करणारा माणूस मी गोव्याहून बोलावते, चोर्ला घाटातून येतो, त्याच्या येण्याजाण्याचा खर्चही धरा. आणि ट्यूनिंग भर पावसात नको, पाऊस संपून हवा स्थिर झाली की करून घ्या.

संकेश्वरहून

आमचे सर कन्नड बोलणारे. मला कन्नड येतं, पण ताल कायम एक-दोन-तीन-चार असाच मोजलेला. पहिल्या दिवशी ते शेजारी उभे राहून 'वंदु, एरडु, मूरु, नाल्कु' म्हणत टाळी द्यायला लागले. आता घरी एकटी बसले तरी तोंडातून तेच येतं, आणि मराठीत मोजलं की लय चुकते. ताई, वय 58 आहे, उशीर तर नाही ना झाला?

कॅम्पातली ताई

अजिबात नाही. माझ्याकडं निवृत्त झाल्यावर आलेले आहेत, रोज बसतात, दोन्ही हातांनी छान वाजवायलेत. तुम्ही मोठ्यानं मोजता ना, ते सोडू नका, कन्नडमधूनच मोजा.

हिंडलगा रोड

जुना डिजिटल पियानो मिळायलाय एकाकडं. बघायला जाताना काय तपासू?

खानापूरचा बाबा

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात, दोन्ही तऱ्हेनं दाबून बघा, आवाज कमीजास्त झाला पाहिजे. पेडल लावून बघा, हेडफोन घेऊनच जा. आणि स्टँड हलतोय का ते बसून वाजवताना बघा, उभ्यानं कळत नाही.