कार्डाची थकबाकी हप्त्यांनी फेडली, तरी सिबिलमध्ये ‘सेटल्ड’. तक्रार नक्की कशाची करायची?

हप्तेकरी
बँकेने कार्डाची १,४०,००० रुपयांची थकबाकी १२ हप्त्यांत फेडायची योजना दिली होती. सगळे हप्ते वेळेवर गेले, नो ड्यूज पत्रही हातात आहे. तरी सिबिल (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी संस्था) रिपोर्टमध्ये खात्यावर ‘सेटल्ड’, म्हणजे देण्यापेक्षा कमी घेऊन मिटवलेलं, असं लागलंय, आणि हप्ते चालू असतानाच्या महिन्यांतही डीपीडी, म्हणजे पैसे किती दिवस थकलेत तो आकडा, ९०, १२०, १५० असा चढत गेलाय. योजनेआधी दोन बिलं थकली होती, ते मान्य. गृहकर्जाचा अर्ज करायचाय. यातलं काय दुरुस्त होतं?

खातेवही
थकलेल्या दोन बिलांचा डीपीडी खरा आहे, तो निघणार नाही. त्याला हात लावू नका, नाहीतर खऱ्या चुकीची तक्रारही त्याच्याबरोबर ‘नोंद योग्य आहे’ म्हणून परत येते.

चढत्या डीपीडीवर मात्र भांडा. हे होतं कसं, तर योजना वसुली विभागाने दिलेली असते, पण कार्डाचं खातं सिस्टिममध्ये जुन्याच ड्यू डेटवर चालू राहतं. तुमचा हप्ता ‘पार्ट पेमेंट’ म्हणून जमा होतो आणि दिवस सर्वांत जुन्या बिलापासून मोजले जातात. ठरलेल्या हप्त्यांच्या तारखा आणि प्रत्यक्ष भरल्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडून बँकेला पाठवा. हा तक्ता नसेल तर बँक ‘आमच्या रेकॉर्डप्रमाणे बरोबर’ असं एका ओळीत कळवून मोकळी होते.

‘सेटल्ड’चा निकाल योजनेच्या पत्रावर लागेल. त्यात काही माफ केलंय का?

हप्तेकरी
मुद्दल पूर्ण घेतलं. व्याज आणि लेट फीचे १८,६०० रुपये माफ, असं लिहिलंय.

बारीक_अक्षर
मग तिथेच मेख आहे. नो ड्यूज पत्राचा अर्थ एवढाच की बँक आता काही मागत नाही. पूर्ण पैसे मिळाले असं ते म्हणत नाही.

शेवटचं स्टेटमेंट काढा. त्यात १८,६०० ‘रिव्हर्सल’ म्हणून जमा दाखवले असतील, तर ते शुल्क बँकेने स्वतःच मागे घेतलं. अशा वेळी ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) असा शेरा मागायला तुमची बाजू भक्कम. रिपोर्टमध्ये ‘सेटलमेंट अमाउंट’ किंवा ‘रिटन ऑफ अमाउंट’ (बँकेने सोडून दिलेली रक्कम) या रकान्यांत आकडा असेल, तर बँकेने ती सूट धरली आहे आणि नुसत्या तक्रारीने शेरा हलणार नाही. तेव्हा माफ झालेली रक्कम भरल्यास ‘क्लोज्ड’ कळवाल का, हे ईमेलवर विचारा. लेखी होकार येईपर्यंत एक रुपया भरू नका, आणि भराल तो कार्डाच्या खात्यातच. वसुली एजंटच्या तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

खातेवही
आता क्रम. आधी रिपोर्टमधली ‘डेट रिपोर्टेड’ (बँकेने माहिती कळवल्याची तारीख) पाहा. ती शेवटच्या हप्त्याआधीची असेल तर माहितीच शिळी आहे. आरबीआयच्या कार्ड निर्देशांनुसार, थकबाकीदार म्हणून नोंद झाल्यावर ग्राहकाने पैसे चुकते केले, की ३० दिवसांत बँकेने स्थिती अद्ययावत करायची असते.

मग बँकेच्या तक्रार कक्षाला लिहा, तक्रार क्रमांक घ्या, आणि सिबिलच्या साइटवर त्या खात्यापुरता डिस्प्यूट (नोंदीवरची हरकत) टाका. रकाना नेमका निवडा. ‘माहिती चुकीची’ असं मोघम लिहिलं की हाती काही लागत नाही. सिबिल स्वतः काही बदलत नाही, बँकेला विचारते. बँकेला २१ दिवस, एकूण मुदत ३०. त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. उशीर ज्याचा, बँकेचा की सिबिलचा, त्याने द्यायची. पण भरपाई उशिराची आहे. मुदतीत नकार आला तर ती मिळत नाही.

बारीक_अक्षर
एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच इतर संस्थांचे रिपोर्टही काढा, वर्षातून एकदा प्रत्येकाचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. गृहकर्ज देणारी संस्था कुठला उघडेल सांगता येत नाही. थकबाकी वेगळ्या कर्जखात्यात वळवली असेल तर तीच रक्कम दोनदा दिसते का तेही बघा. कार्डाची बाकी शून्य हवी.

बँकेने नाकारलं तर कारण मागा, ते देणं तिच्यावर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा, शुल्क नाही. योजनेचं पत्र, हप्त्यांचा तक्ता, शेवटचं स्टेटमेंट आणि बँकेचं उत्तर एवढं जोडा. गृहकर्जाचा अर्ज मात्र दुरुस्त रिपोर्ट हातात आल्यावरच टाका.